मासोळी पुन्हा पाण्यात

तलावावर तिला सगळे मासोळी म्हणत. पोहायला शिकवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. काठाला घट्ट चिकटून बसणारी माणसंही तिने हां हां म्हणता तरंगती केली होती. आणि एक दिवस शिकवतानाच तिचं काळीज उधळलं. ठोक्यांना ताल म्हणून राहिला नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली. शिकणाऱ्यांनीच तिला ओढून काठावर आणलं.

तेव्हापासून ती कोरडीच. काठावर बसून शिट्टी वाजवायची, ओरडून शिकवायचं. जिना चढताना धाप, बोलता बोलता धडधड. घरी नवऱ्याने तर पिच्छाच पुरवला. टीव्ही बघतानासुद्धा तो तिचं मनगट धरून नाडी तपासत बसे. शेजारीण म्हणाली, "बाई बाई, या वयात काय हे प्रेम!"

अखेर डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सुचवलं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयात न्यायची आणि भलतेच इशारे देणाऱ्या जागा डागून गप्प करायच्या. ते नीट पार पडलं. सुरुवातीला काळजाने अधूनमधून आडमुठेपणा केला, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतली जखम भरतेय, धीर धरा." मग एकदा भाजीची जड पिशवी घेऊन ती जिना चढून आली, दारातच सासूबाईंशी गप्पा मारायला लागली आणि मध्येच थबकली. दम लागलाच नव्हता!

पुढे पोहायचीही परवानगी मिळाली. पण पाय पाण्याकडे वळेनात.

"काळीज दुरुस्त झालं हो, आई," ती सासूबाईंना म्हणाली, "भीती कुठे डागून मिळते?"

सासूबाई पाण्याला जन्माच्या भ्यालेल्या. तरी त्या म्हणाल्या, "मग मला शिकव."

"तुम्हाला?"

"हो. तूही भित्री, मीही भित्री. कोण कुणाला हसणार?"

उथळ पाण्यात उतरल्याबरोबर सासूबाईंनी सुनेच्या गळ्याला अशी मिठी मारली की तिला स्वतःच्या छातीकडे लक्ष द्यायला सवडच मिळेना. "आई, मान सोडा! पाय मारा! अहो, मला नाही, पाण्यात मारा!" काठावरचा नवरा पोट धरून हसत होता.

अशा कितीतरी सकाळी गेल्या. शेवटी एकदा सासूबाई उताण्या तरंगल्या. डोळे गच्च मिटलेले, पण तरंगल्या! त्या आनंदात मासोळीने सूर मारला आणि सरळ खोल पाण्यात शिरली. हात सपासप चालले. छाती जोरात धडधडत होती, पण एका तालात, पोहणाऱ्या माणसाची धडधडावी तशी. पलीकडच्या भिंतीला हात लावून ती वळली, तेव्हा सासूबाई कंबरभर पाण्यात उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. "बघितलंत? माझी सून आहे ती!"

आता साठी उलटलेल्या बायकांचा वेगळा वर्ग ती घेते. काठावर कुणी घुटमळलं की सासूबाई पाण्यातूनच दटावतात, "घाबरायचंय ना? मग आत येऊन घाबरा!"