टाकीची पूजा आणि माझ्या भुवया

गेल्या शनिवारी सकाळी मढला, आमच्याच अंगणात, माझ्या दोन्ही भुवया जळाल्या. हसू नका. आरशात बघितलं की मी अजून दचकते.

तर झालं असं... माझ्या सासऱ्यांचा एक जुना ट्रॅक्टर आहे. शेतातला नाही, किनाऱ्यावरचा. पावसाआधी होड्या वाळूत वर ओढून ठेवतात ना, त्यासाठी त्यांनी तरुणपणी सेकंडहँड घेतलेला. कोळीवाड्यातल्या अर्ध्या होड्या ह्यानेच ओढल्यात, असं ते येईल त्याला सांगतात.

गेली काही वर्षं मात्र तो खाऱ्या हवेत नुसता उभा होता. मी दिंडोशीहून लग्न करून आले तेव्हापासून त्याच्यावर कपडेच वाळत घालतेय. शेवटी नवरा वैतागला. "बाबा, यंदा होडी वर घ्यायच्या आत हा चालू झाला तर ठीक, नाहीतर भंगारात." नुसतं बोलून थांबला नाही हो, भंगारवाल्याला रविवारी यायला सांगूनसुद्धा टाकलं!

बाबांचं तोंड एवढंसं झालं. पण मग जिद्दीलाच पेटले. इंजिन त्यांनी बोटीच्या मेकॅनिककडून करून घेतलं. राहिली ती डिझेलची टाकी... आत नुसते गंजाचे पोपडे. ट्रॅक्टर सुरू केला की गंज पाइपात जाऊन बसायचा आणि इंजिन लगेच बंद.

मग काय, टाकी उतरवली. आत मूठभर नट आणि खडे टाकून बाप-लेक दोन्ही बाजूंनी धरून ती हलवत बसले. खडखड खडखड... डोकं उठलं माझं. मग व्हिनेगर ओतून मुरत ठेवली, तर आख्ख्या आळीत चायनीजच्या गाडीचा वास. शेजारीण विचारून गेली, आज काय बेत गं?

शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली. ओल राहिली तर परत गंजेल, म्हणून नवऱ्याने त्यात थोडं पेट्रोल घालून खळबळलं आणि ओतून दिलं. मी मोबाइलचा टॉर्च मारून आत बघितलं. झकास! गंजाचा कण नाही.

आता आमच्याकडे पद्धत अशी, की दुरुस्त केलेली वस्तू पूजा केल्याशिवाय जागेवर बसवायची नाही. मग ते बोटीचं इंजिन असो की जाळं. बाबांनी टाकी पाटावर ठेवली, हळदकुंकू लावलं, हार घातला. झाकण मुद्दाम उघडं ठेवलं... का, तर देवालाही आतून दिसू दे म्हणे, किती स्वच्छ झालीय ती!

"बाय, तू ओवाळ," मला म्हणाले. घरची लक्ष्मी वगैरे. मी ताटात कापूर पेटवला आणि टाकीवर वाकले...

भप्प!

एवढंच ऐकू आलं. टाकीच्या तोंडातून माणसाएवढा जाळ वर आला. ताट कुठे गेलं, मी कुठे पडले, काही कळलं नाही. मालवणी आईची लेक असून माझ्या तोंडून शिवीसुद्धा निघाली नाही, म्हणजे विचार करा. नवरा जागच्या जागी थिजलेला.

सासूबाई मासळी घेऊन बाजाराला निघाल्या होत्या. त्यांनी पाटीवरचं ओलं गोणपाट खेचलं आणि धावत येऊन टाकीच्या तोंडावर दाबलं. जाळ गपकन विझला. मग नवऱ्याकडे वळल्या, "मेल्या, पेट्रोलवर कापूर? अक्कल काय समुद्रात सोडून आलास काय रे?"

पेट्रोल ओतून दिलं तरी त्याची वाफ आत राहते, हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. कसं सुचणार? पूजा चाललेली ना... पूजेत कधी काय वाईट होतं का, असंच डोक्यात.

नशीब बलवत्तर, दुसरं काय! भुवया गेल्या, पुढचे केस करपले, डॉक्टरांनी मलम दिलं. डोळे शाबूत आहेत हे ऐकलं आणि मी दवाखान्यातच भोकाड पसरलं.

घरी आले तर बाबा पायरीवर बसलेले. हातात पूजेचा करपलेला हार. ह्या माणसाने वादळातून होडी परत आणलीय, त्याला असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"तुझ्या आईबापाला काय तोंड दाखवलं असतं गं मी?" एवढंच म्हणाले. मग नवऱ्याला, "उद्या येऊ दे तुझा भंगारवाला. हा नको मला दारात."

मी "बाबा, चूक आपली, ट्रॅक्टरने काय केलं?" म्हणून बघितलं. ऐकेनात. शेवटी मीच नवऱ्याच्या हातातून फोन घेतला आणि भंगारवाल्याला सांगितलं, येऊ नको, आमचं विकायचं कॅन्सल.

टाकी परत धुऊन, कडक उन्हात उघडी वाळवून मगच बसवली. या वेळी फुलं वाहिली फक्त, तीसुद्धा लांबून, आणि सासूबाई सगळ्यांचे खिसे तपासत होत्या माचिससाठी! काल संध्याकाळी ट्रॅक्टर काळा धूर सोडत, कानठळ्या बसवत सुरू झाला. आमची होडी वाळूत वर आली. बाबा स्टिअरिंगवर, आणि मी बिनभुवयांची टाळ्या वाजवतेय...

कुणी जुनी टाकी साफ करत असाल तर कृपा करून काडी, अगरबत्ती, कापूर काहीही जवळ नेऊ नका. ती रिकामी दिसते, नसते.

जाळाची भीती जाईल हळूहळू. पण ज्या ट्रॅक्टरसाठी बाबा वर्षानुवर्षं घरात प्रत्येकाशी भांडले, तो त्यांनी माझ्यासाठी एका वाक्यात सोडून दिला होता... ह्याने मी जास्त हबकलेय.