क्वारंटाईन की क्वार्टर गार्ड

त्या वर्षी माझं डोकं कधी ठिकाणावर नसायचं. माजी सैनिकांच्या मानसिक उपचारांचं निवासी केंद्र चालवायचं, त्यात लॉकडाऊन, निम्मा स्टाफ गावी अडकलेला. नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची बैठी इमारत. मी एका जागी टिकतच नव्हते. गेट, स्वयंपाकघर, फोन, पुन्हा गेट. स्वयंपाकाच्या मावशी म्हणायच्या, "मॅडम, बसा हो जरा! तुमच्याकडे बघून मला गरगरतं."

अशात केंद्रात उपचार घेणाऱ्या निफाडकडच्या हवालदारांना ताप आला. टेस्ट पॉझिटिव्ह. हॉलमध्ये बाकीचे सगळे म्हातारे, कुणाला दमा, कुणाला शुगर. म्हणून त्यांना अंगणापलीकडच्या खोलीत हलवलं. "थोडे दिवस क्वारंटाईन," मी लांबूनच ओरडले. ते झोपेत चालायचे, त्यामुळे बाहेरून कडी घालायचंही ठरलं. त्यांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. उलट आत शिरण्याआधी कमरेचा पट्टा काढला, बुटांच्या नाड्या काढल्या आणि नीट गुंडाळून उंबऱ्यावर ठेवल्या. मला वाटलं, चला, एक तरी माणूस शहाण्यासारखा वागतोय.

मग ताटं परत यायला लागली. भाकरीला हातही लावलेला नसायचा. डॉक्टर फोनवर म्हणाले, "ताप उतरेल, पण पोटात काही गेलं नाही तर माणूस हातचा जाईल. आणि बेड कुठंच नाहीये." मी भर दुपारी खिडकीपाशी गेले आणि सरळ भांडायलाच लागले.

"काय चाललंय, हवालदारसाहेब? मरायचंय का?"

ते अंथरुणातून उठून सावधानमध्ये उभे राहिले. "सजा चालू हाय, मॅडम. घास उतरत नाय."

"कसली सजा?"

"तुम्हीच तर क्वार्टर गार्ड दिलं ना."

फौजेत गुन्हेगार जवानाला कोंडतात ती कोठडी म्हणजे क्वार्टर गार्ड. आत टाकताना पट्टा, नाड्या काढून घेतात. मी क्वारंटाईन म्हटलं आणि यांनी ऐकलं ते हे! कर्म माझं! मला हसूच येणार होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते आतल्या आत विरलं.

"अहो, पण गुन्हा काय तुमचा?"

"ताप," ते म्हणाले. "वर बर्फात पोस्टवर व्हतो. पहारा माझा व्हता, आन मला ताप भरला. जोडीदार म्हनला, तू झोप, तुझ्या जागी मी उभा राहतो. सुरगाण्याचा पोरगा, लय हसायचा. सकाळी त्याला घोंगडीत गुंडाळून खाली आनला. मला कुनी काय बोललं नाय. चौकशी नाय, सजा नाय. आता लागली. बरं झालं."

"ताप येणं हा काय गुन्हा आहे?" मी किंचाळलेच.

"नाय?"

"नाही!"

"मग मला कोंडलं कशापायी?"

मी कडी काढली, दार सताड उघडलं आणि मागे सरून अंगणात खुर्ची टाकून बसले. हा माणूस उठून हॉलमध्ये गेला तर त्या सगळ्या म्हाताऱ्यांचं काय? पण पुन्हा कडी घालायचा धीर मला होईना.

मावशींनी ताट उंबऱ्याशी ठेवलं. ते उघड्या दाराकडे बघत राहिले, बराच वेळ. मग ताट आत ओढून तिथंच खाली बसले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मला रडूच फुटलं. मास्क खाली ओढून, ओढणीनं नाक पुसत, चांगली हुंदके देऊन रडले.

"मॅडम!" आतून भरल्या तोंडानं हुकूम आला. "मास्क वर घ्या आधी. तुम्हाला ताप आला तर तुमच्या जागी उभं राहायला कोन हाय?"