जागच्या जागी देगलूर

आमच्या सायकलवाल्यांत किस्से असे साचतात राव, की एक सांगायला घेतला की दुसरा मधेच तोंड घालतो! आणि गेल्या हिवाळ्यातले तर विचारूच नका.

आमचे रफीकभाई टेलर, लातुरात दुकान. हार्टचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "सायकल चालवा, पण थंडीत बाहेर नको." इकडं देगलूरला त्यांच्या आत्याचा, म्हणजे फुप्पीचा, जीव टांगणीला. लहानाचं मोठं तिनंच केलेलं. भाईंनी तिला शब्द दिला, "बरा झालो की सायकलवरच येतो तुझ्याकडं!"

म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत सायकल स्टँडवर चढली. मागचं चाक रोलरवर गरगर फिरणार, सायकल तिथल्या तिथं. सोबतीला मी आणि कोचिंगवाले देशमुख सर.

*

सर फिजिक्सचे. म्हणाले, "भाई, डिस्टन्स आहे, पण डिस्प्लेसमेंट झीरो!"

भाईंनी शर्ट पिळून दाखवला. "मग सर, हे काय हाय?"

सर त्या दिवशी क्लासला उशिरा पोचले. विचार करून राहिले होते म्हणे.

*

एक बाई कापड घेऊन आल्या. आत भाई पायडल मारून राहिलेले. बाई बराच वेळ बघत होत्या.

"नवी मशीन घेतली वाटतं. ब्लाउज कुठून बाहेर येतो?"

*

एकदा रोलरवर पडलेली सुई चाकात घुसली. पंक्चरवाला विचारतो, "कुठं झालं?"

"दुकानात."

"आन् चालले कुठं होते?"

"देगलूरला."

पंक्चरवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "हाव, खरंय."

*

फुप्पीचा रोज फोन. "कुठवर आलास?"

चाकाला लावलेल्या सेन्सरमुळं मोबाइलवर किलोमीटर दिसायचे. पहिल्या दिवशी तेवढ्या अंतराचा अंदाज घेऊन भाई सहज बोलून गेले, "रेणापूर गाठलं बघ!"

"अरे देवा! देगलूरला निघालास आन् रेणापूरला कसा गेलास? ती उलटी बाजू! वळ मागं!"

भाई इतके गडबडले, की उलटे पायडल मारायला लागले!

*

मग बरेच दिवस फुप्पीच्या हिशोबानं, देगलूरच्या रस्त्यानं प्रवास. एकदा उदगीर आलं. भाईंनी समजावलं, "फुप्पी, मी लातुरातच हाय. दुकानात."

"मग उदगीरला कोन हाय?"

भाईंनी फोन माझ्याकडं दिला. मी सरांकडं. सरांनी तो बंद केला.

*

संक्रांत झाली आणि एका सकाळी आकडा देगलूरला पोचला. भाईंनी फोन केला, "फुप्पी, आज आलो!"

"बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर ऑटो थांबला. फुप्पी! हातात डबा. एस्टीनं आलेली.

"काल दारात लई वाट बघितली. न्हाई दिसलास. म्हनलं, चुकून पुढं गेला असशील."

तिनं भाईंच्या छातीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. भाईंचे डोळे भरले. आम्हीही इकडंतिकडं बघायला लागलो.

"चांगलं चालून राहिलंय की रे," ती म्हणाली. "जेव आता."

भाई पोटभर जेवले. फुप्पीनं डबा पिशवीत घातला, मागच्या खोलीत गेली आणि सायकलीशेजारच्या स्टुलावर बसली.

"चल, मला घरी सोड."

भाईंनी सरांकडं बघितलं. सर भिंतीकडं बघून राहिलेले. भाई गुपचूप सीटवर चढले आणि पायडल मारायला लागले.

फुप्पीनं पदर सावरला. "सावकाश. आन् उदगीर आलं की सांग, चहा घेऊ."