प्रेस शॉपच्या आवाजातलं वाक्य

कारखान्यातला संप मिटला, तरी आमच्या घरातला मिटला नव्हता. आमचे हे शेवटपर्यंत संपावर राहिले. धाकट्या जावेचं बाळंतपण तोंडावर आलं होतं, म्हणून दीर मध्येच कामावर गेले. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. चिंचवडच्या चाळीत आमच्या खोल्या शेजारीशेजारी. मध्ये नुसती फळ्यांची भिंत. दिरांनी पिंपरीत खोली पाहून ठेवली होती, महिना संपला की जाणार होते. जावेनं डबेही बांधायला घेतले होते.

त्याच सुमारास कंपनीनं नाट्यस्पर्धेसाठी बसवलेल्या नाटकात ह्यांना काम मिळालं. जुन्या इंग्रजी नाटकाचं मराठी रूपांतर, त्यात म्हाताऱ्या प्रधानाची भूमिका. त्याचं एकच महत्त्वाचं वाक्य होतं. ज्याच्यावर आपण रागावलो, तो येईल म्हणून वाट बघत बसू नये, आपणच उठून त्याचं दार वाजवावं, अशा अर्थाचं.

हे कामाला प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात. तिथे शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं, आणि तोच आवाज घरी यायचा. तालमीत दिग्दर्शक वैतागले, "राव, इथं प्रेस बंद आहे! राजाच्या कानात सांगायचंय, गेटवर भाषण नाही करायचं."

मी रोजच्या कामांत आणखी एक घातलं. भात चढवला की वही धरून ह्यांच्यासमोर बसायचं.

"हळू म्हणा," मी सांगायची.

"हळूच म्हणतोय!" हे ओरडायचे.

एका संध्याकाळी हे अर्ध्यावर अडले. मी सांगणार, तोच उरलेलं अर्धं वाक्य फळ्यांपलीकडून आलं. अगदी बिनचूक. मग आमची कडी वाजली. दारात दीर उभे.

"दादा, माझंसुद्धा पाठ झालं आता. पण दार तू वाजवायचं होतंस ना?"

ह्यांनी बाजूला सरकून सतरंजीवर जागा केली.

"वहिनी, भात पुरेल का?" दिरांनी विचारलं. मी जावेला हाक मारली आणि आणखी दोन ताटं काढली.

प्रयोगात ह्यांनी ते वाक्य इतकं हळू म्हटलं की मागून "आवाज!" अशी ओरड झाली. मागेच बसलेल्या दिरांनी ते आजूबाजूच्यांना मोठ्यानं ऐकवलं. बक्षीस अर्थातच गेलं.

मूळ नाटक मी कधी वाचलं नाही. ते कुणी लिहिलं, हेही विचारायचं राहून गेलं. पण त्या लिहिणाऱ्याचे आभार मी मनात कितीदा तरी मानलेत. जावेनं बांधलेले डबे त्या जेवणाच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघींनी मिळून फळीवर परत लावले.