सिद्धेश्वरच्या पाण्यापर्यंत, न थांबता

परभणीला रेल्वेतून उतरलो आणि जिंतूरमार्गे औंढ्याला जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. हिंगोली जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं उलटली होती, तरी शेजारचे गृहस्थ अजून "आपला परभणी जिल्हा" असंच म्हणत होते. जिंतूर मागे पडलं तसं सपाट काळं रान हळूहळू उचलल्यासारखं झालं आणि समोर डोंगर दिसू लागले. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माझ्यासारख्याला ते टेकड्याच वाटावेत. पण धावणारा माणूस डोंगराची उंची पाहत नाही, त्याच्या अंगावरची वाट पाहतो. या डोंगरांवर वाटाच वाटा होत्या. शेळ्यामेंढ्यांच्या पायांनी पडलेल्या, तांबूस, एकमेकींत शिरणाऱ्या.

इथे माझी पत्नी सुमन लहानाची मोठी झाली. नाशिकला ती शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि मी ग्रंथालयात. चाळिशी उलटल्यावर तिने मला धावायला शिकवलं. ती पुढे, मी मागे, असं आम्ही बरीच वर्षं धावलो. चढावर मी थांबलो की ती वळून म्हणायची, "आमच्या वाडीपासून सिद्धेश्वरच्या पाण्यापर्यंत मी एका दमात जायचे. मध्ये दोन डोंगर. कुठ्ठे थांबायचे नाही." ती वाट एकदा दोघांनी धावायची, असं दर हिवाळ्यात ठरायचं आणि राहून जायचं. मग तिचं आजारपण आलं. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यानंतर मी धावायला निघायचो, पण प्रत्येक वेळी अर्ध्यातून परत फिरायचो. ही एक वाट न थांबता पुरी करायची, आणि नाही जमलं तर धावणं सोडून द्यायचं, असं ठरवून मी तिच्या माहेरी निघालो होतो.

औंढ्याच्या फाट्यावर सुमनचा धाकटा भाऊ मारोती मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याची थोडी शेती आहे आणि शेळ्यामेंढ्यांचा कळप आहे. माझी पिशवी हातात घेऊन त्याने वजन पाहिलं.

"दाजी, कपडे आनले का पुस्तकं?"

"दोन्ही."

"मंजे पुस्तकं," तो म्हणाला आणि गाडीला लाथ मारली.

वाडी डोंगराच्या कुशीत आहे. घरं संपतात तिथे आखर (जनावरं गोळा होण्याची मोकळी जागा), आखराला लागून वाघर (मेंढ्या बसवायची जाळी) आणि तिच्यामागे लगेच चढ. त्या दिवसांत कुणाच्या तरी शेतात हळद शिजत होती. तो उबदार, मातकट वास सगळ्या वाडीवर पसरला होता. रात्री मारोतीच्या बायकोने, गंगावहिनींनी, ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्यांच्या मसाल्याची) वाढली. मी वाटी पुढे केली की त्या म्हणायच्या, "खा, पळायचं हाये ना!" आणि पदराआड हसायच्या.

पहिल्या दिवशी फक्त जवळच्या वाटा पाहिल्या. आखरापासून निघून पांदणीने (दोन शेतांमधल्या गाडीवाटेने) तुरीच्या रानातून गेलं की खडकाळ बरड लागतं. तिथून डोंगराला वळसा घालणारी एक सपाट वाट आहे. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. दुसरी वाट सागाच्या जंगलातून जाते. हिवाळ्यात सागाची पानं ताटाएवढी वाळून खाली पडलेली असतात. त्यांवरून धावताना इतका आवाज होतो की मागून कुणीतरी येतंय असं वाटत राहतं. मी दोनदा वळून पाहिलं. दुसऱ्यांदा पाहताना मुरमावरून घसरलो आणि तळहात सोलवटले. वहिनींनी त्यावर मूठभर हळद दाबली आणि हात पिवळे घेऊन मी ओट्यावर बसलो.

"हळद लागली दाजीला," मारोती म्हणाला. "आता नवरी पाहा कोनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुटांचे बंद बांधत असताना तो शेळ्या सोडत होता.

"आज पाण्यापस्तोर जायचं का?"

"जायचं."

"जा. वाट चुकायची न्हाई. पन तोंड हसरं ठेवा."

"ते कशाला?"

"आमच्याकडं मानूस उगं पळत न्हाई, दाजी. साप चावला, कोनी विहिरीत पडलं, तवाच पळतं. तुमी असं तोंड करून पळताल, तर लोकं घाबरतील."

मी हसून दाखवलं. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "ह्याच्यानं जास्त घाबरतील."

पहिला चढ आखरापासूनच सुरू होतो. थंडी होती, गवतावर दव होतं. पावलं लहान ठेवायची, नजर चार हातांपुढे ठेवायची, हे सुमनने शिकवलेलं सगळं आठवून मी चढत गेलो. अर्ध्या चढावर धाप लागली. नाशिकला मी नेमका अशा जागी थांबायचो. इथे वाट इतकी अरुंद आणि काटेरी होती की थांबायला नीट जागाच नव्हती, म्हणून चाललो पुढे. खिंडीत आलो तेव्हा ऊन आलं होतं. खाली दुसरा डोंगर आणि त्याच्या खांद्यावरून दूर, एक पांढरी रेघ चमकत होती. पूर्णेचं अडवलेलं पाणी, सिद्धेश्वर धरणाचं.

त्या रेघेकडे बघत उतरलो. नाल्यातली वाळू ओलांडली, पळसांमधून दुसरा चढ चढलो. तो पहिल्यापेक्षा सोपा आहे. माथ्यावर वारा समोरून लागतो आणि तिथून पाण्यापर्यंत सगळा उतार. माझे पाय आता माझं ऐकत नव्हते, आपल्या मनाने चालले होते. फार दिवसांनी मला आनंद झाला होता. तोंड हसरं ठेवायचं मात्र मी पार विसरलो.

उताराच्या मध्यावर पाच-सहा घरांची वस्ती आहे. वाट घरांच्या अगदी दारांतून जाते. बाया सुपात तूर पाखडत होत्या, एक दांडगा गडी दोर वळत बसला होता. तो ओरडला, "ओ पाव्हनं! काय झालं?"

मी हात हलवला आणि पुढे गेलो.

"थांबा की! काहून पळून राहिले?"

थांबायचं तर नव्हतंच. तो दोरासकट उठला आणि माझ्या बरोबरीने धावू लागला. "कोनाला काय झालं? सांगा तरी!"

"काही नाही," मी म्हणालो. पण धापा टाकत, लाल तोंडाने, हळदीने पिवळे झालेले हात हलवत "काही नाही" म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

"कोन गेलं?" त्याने विचारलं.

दीड वर्षात मला हे इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं. लोक आडून विचारायचे, मीही आडून सांगायचो. आता श्वासात एकाच शब्दापुरती जागा होती.

"बायको."

त्याने मागे वळून आरोळी ठोकली, "बाई पाण्यात गेली रे! बाज आना!"

पाण्याचं मी काही बोललो नव्हतो. पण ती वाट पाण्यालाच जात होती. मागे एकदम पावलांची धपधप सुरू झाली. सुपं टाकून बाया निघाल्या, दोन गडी बाज डोक्यावर घेऊन निघाले, कुत्री भुंकत निघाली. मी "आत्ता नाही, आत्ता नाही" असं म्हणत होतो, ते त्यांना काय कळणार! दोरवाला म्हणाला, "धीर सोडू नका, पाव्हनं, आमी हाव!" आणि माझ्या पुढे गेला.

खरं सांगायचं तर शरमेने मेल्यासारखं झालं होतं, आणि तरी त्या माणसाची पाठ समोर ठेवून धावताना मला बरं वाटत होतं. पुढे कुणीतरी होतं. मागे कुणीतरी होतं.

पाण्याच्या काठाशी आम्ही सगळे एकदमच पोचलो. दोरवाला धोतर खोचून गुडघाभर पाण्यात शिरला. "कुठं? कोन्त्या जागी?"

मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो होतो. "पाण्यात नाही," मी म्हणालो. "दवाखान्यात. नाशिकला. दीड वर्ष झालं."

बाजवाल्यांनी बाज खाली ठेवली आणि ते तिच्यावर बसले. एवढ्यात सगळ्यांच्या मागून एक म्हातारी आली, एका हातात चप्पल धरून. तिला सगळे काशीमाय म्हणत होते.

"सापडली का रे?"

"माय, ती नाशिकला वारली म्हने," बाजेवरचा एक जण म्हणाला. "दीड वर्षाखाली. आन आमी बाज घिऊन पळालो."

एक बाई पदरात फुसकन हसली. मग दुसरी. मग सगळेच, आणि मीही. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, ते थांबेना.

"दात काय काढता, मुडद्यांनो! त्याची बायको गेली," काशीमाय ओरडली आणि माझ्याजवळ बसली. "कोन गावचं रे तू?"

मी मारोतीचं नाव सांगितलं, सुमनचं सांगितलं.

"सुमी?" तिने चप्पल खाली ठेवली. "पळती सुमी? हितं बापाला भाकर घिऊन यायची ती? सुमी गेली?"

सुमनचे वडील तेव्हा या काठाला मेंढ्या बसवायचे, हे मला माहीत होतं. मी तिला सगळं सांगितलं. ही वाट सुमन एका दमात, न थांबता जायची, म्हणून मीही आज थांबलो नाही, हेही सांगितलं.

काशीमायने माझ्याकडे नीट पाहिलं. "न थांबता? तिनं सांगितलं व्हय असं?"

"हो."

"अरे, माझ्या दारात बसल्याबिगर ती पोरगी कदी गेली न्हाई! ताक प्यायची, वटीत बोरं भरायची, माझ्या लेकराला कडेवर घिऊन नाचायची. बाप तिकडं उपाशी बोंबलायचा, आन ही हिकडं गप्पा हाणीत बसायची! मंग तितून पळत सुटायची." तिने पाण्याकडे हात केला. "ह्येच ते लेकरू. बघ, कसं भिजून उभं हाये."

दोरवाला पाण्यात तसाच उभा होता. त्याने लाजून दोर गुंडाळायला घेतला.

"बाज आनलीच हाये," कुणीतरी म्हणालं, "तर पाव्हन्याला बसवूनच न्या." आणि खरोखर मला बाजेवर बसवून पाच-पंचवीस पावलं नेलं. मग उतरायला लागलो तेव्हा सोडलं. काशीमायच्या दारात ताक प्यालो. धरणावरच्या एका मासेमाराने पळसाच्या पानांत बांधून मासे दिले.

परतायला दुपार झाली. वाडीच्या तोंडाशी मारोती कमरेवर हात देऊन उभा होता. बातमी माझ्या आधीच पोचली होती.

"दाजी," तो म्हणाला, "आक्काच्या मागं दुसरी कवा केली? आन केली तर केली, लगेच बुडवली बी?"

वहिनींनी कपाळावर हात मारला. मग त्यानेच माझ्या हातातून मासे घेतले, आणि आत जाताना, पाठ वळवून, विचारलं, "काशीमाय काय म्हनली आक्काबद्दल?" मी सांगितलं. तो बराच वेळ बाहेर आला नाही.

आणखी एक दिवस राहिलो आणि त्याच वाटेने पुन्हा गेलो. मग परभणी, मग रेल्वे, मग नाशिक. आमच्या धावणाऱ्या मंडळींनी पहिल्याच सकाळी विचारलं, "काय, केली का पुरी? किती वेळ लागला?"

मी म्हणालो, "पहिल्यांदा न थांबता गेलो. दुसऱ्यांदा सुमनसारखा गेलो, तेव्हा पाण्याशी पोचेपर्यंत जेवणवेळ टळून गेली होती."