माझ्यासाठी सोडलेला डाव

चुकून वजीर घालवणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मला चांगलं माहीत आहे. माझा स्वतःचा कितीदा तरी गेला आहे. सोंगटीवरून बोटं सुटली की माणूस छताकडे बघतो, घड्याळाकडे बघतो, पण त्या घराकडे बघत नाही. त्या रविवारी संध्याकाळी कॉलनीच्या स्पर्धेत माझ्यासमोर बसलेल्या मुलाने वजीर उचलला, माझ्या घोड्याच्या तोंडात नेऊन ठेवला, घड्याळाचं बटण दाबलं आणि सरळ माझ्याकडे बघून हसला.

मी बराच वेळ पटाकडे बघत राहिले. यात काहीतरी सापळा असणार. मुलगा साधा नव्हता. दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन राहणारा, विद्यापीठात पीएचडी करणारा, रेटिंग असलेला खेळाडू. दर रविवारी सकाळी आमच्या कॉलनीतल्या मुलांना याच कम्युनिटी हॉलमध्ये बुद्धिबळ शिकवायचा. इतका वेळ त्याने मला श्वास घेऊ दिला नव्हता. माझं एक प्यादं कमी होतं, राजा कोपऱ्यात कोंडला होता. पण मी चिवटपणे धरून ठेवलं होतं. माझा घोडा पटाच्या मध्यावर असा रुतून बसला होता की तो हुसकावणं त्या मुलालाही सोपं नव्हतं. डाव वाईट होता, पण जिवंत होता.

सापळा सापडेना. शेवटी मी वजीर मारला. त्याने लगेच हार मानून राजा आडवा केला, उभा राहिला आणि हात पुढे करून म्हणाला, "बहुत बढ़िया खेलीं, आंटी."

आजूबाजूला टाळ्या वाजल्या. कुणीतरी फोनवर फोटो काढला. आणि मला आठवलं, त्या चालीच्या थोडंच आधी आमच्या रहिवासी असोसिएशनचे सेक्रेटरी त्याच्या खुर्चीमागे येऊन वाकले होते आणि त्याच्या कानात काहीतरी बोलून गेले होते. तेव्हा मला वाटलं होतं, हॉलच्या चावीबद्दल असेल.

आधी थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. मी बुद्धिबळासाठी ओळखल्या जाणाऱ्या सांगलीची. बुद्धिबळ वडिलांकडून शिकले. वडिलांनी मला कधी एक प्यादंसुद्धा सोडलं नाही. सात वर्षांची असताना हरवलं, दहा वर्षांची असताना हरवलं, तापातून उठले होते तेव्हाही हरवलं. पहिल्यांदा मी त्यांना हरवलं तेव्हा कॉलेजात होते. त्या संध्याकाळी ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि जेवताना आईला म्हणाले, "हिला सांग, उद्या परत बसायचं." इतका मोठा सन्मान मला नंतर कुणी दिला नाही.

लग्नानंतर नवऱ्याच्या केंद्र सरकारच्या नोकरीमागे फिरले. आता दिल्लीतल्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहतो, आणि त्यांची निवृत्ती जवळ आली आहे. खेळ मध्ये कित्येक वर्षं सुटला होता. मुलगी नोकरीसाठी बंगलोरला गेल्यावर मोबाईलवर परत सुरू केला. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं मला रोज हरवतात. मी बाई आहे की पुरुष, साठीची आहे की विशीची, त्यांना ठाऊक नसतं, म्हणून अगदी मन लावून हरवतात. मीही त्यांना हरवते.

कॉलनीत स्पर्धा आहे म्हटल्यावर मी नाव दिलं. बायकांपैकी मी एकटीच. नवरा असोसिएशनचा खजिनदार, करोल बागेतून ढाली त्यांनीच आणल्या होत्या. नाव दिल्याचं सांगितलं तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले. पहिल्या तीन डावांत मी दोन जिंकले, एक हरले. जिंकलेले दोन्ही घाम गाळून. मग हा चौथा.

चहाच्या टेबलापाशी मी त्या मुलाला गाठलं. तो कागदी कपात चहा घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"बेटा, सच बता. वजीर जान-बूझकर दिया ना?"

"नहीं आंटी, ग़लती हो गई."

"मी इतकी वर्षं खेळतेय," मी मराठीतच सुरू झाले आणि मग हिंदीवर आले, "ग़लती और ख़ैरात में फ़र्क़ समझती हूँ."

त्याने कप टेबलावर ठेवला. खाली बघत म्हणाला, "आंटी, सेक्रेटरी सर ने कहा था. चीफ गेस्ट आ रहे हैं, आख़िरी राउंड में आपको पहले बोर्ड पर बिठाना था. फोटो अच्छी आएगी, कॉलनी का नाम होगा. मेरी क्लास इसी हॉल में चलती है, आंटी. मैं मना कैसे करता?" आणि मग, जणू त्याने मला बरं वाटणार होतं, "अंकल को भी पता है. अंकल ने ही तो कहा था, आपको अच्छा लगेगा."

हॉलमध्ये गलका चालला होता, समोसे आले होते, आणि माझे कान तापले. सेक्रेटरींचा राग येणं सोपं होतं. तो माणूस पाण्याच्या टाकीचंसुद्धा रिबन कापून उद्घाटन करतो. त्या मुलाचा रागही लगेच विरला, त्याचं पोट त्या हॉलवर होतं. पण अंकल! ज्यांच्याबरोबर मी इतक्या बदल्या केल्या, इतकी घरं मांडली आणि मोडली, ते तिकडे माईकची वायर सरळ करत उभे होते.

मी आधी पंचांकडे गेले. ते बाहेरून बोलावलेले होते, बिचारे कागदात डोकं घालून बसले होते. मी म्हटलं, "चौथी बाज़ी मैं हार गई, ऐसा लिखिए." ते म्हणाले, "मॅडम, अपोनंट ने रिज़ाइन किया है. रिज़ल्ट हो गया."

"उसने झूठ में किया."

"मॅडम, झूठ में किया या सच में, ये लिखने का कोई कॉलम नहीं है."

मग मी नवऱ्याकडे गेले. "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"अहो, काय म्हणून विचारू नका."

ते माईक तपासत राहिले. "अगं, इथे नको. आता साहेब येतील. एकच डाव राहिलाय, बस ना. घरी गेल्यावर बोलू, प्लीज."

मी निघून जाणार होते. चपला घातल्यासुद्धा होत्या. पण गुणांत पुढे असलेल्यांच्या पहिल्या पटावर माझा प्रतिस्पर्धी आधीच येऊन बसला होता, गेल्या वर्षीचा विजेता, दुसऱ्या मंत्रालयातले एक शांत तमिळ गृहस्थ. त्यांनी माझ्या बाजूच्या सोंगट्याही नीट घराच्या मधोमध सरकवून ठेवल्या होत्या. त्यांचा यात काय दोष? मी परत येऊन बसले. पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे होत्या.

प्रमुख पाहुणे असलेले साहेब आले. पुष्पगुच्छ झाला, कॉलनीच्या स्वच्छतेवर चार शब्द झाले. मग सेक्रेटरींनी माईकवर सांगितलं, की आमच्या आंटी घर सांभाळून, किचन सांभाळून, आज इतक्या मोठमोठ्या खेळाडूंना हरवून इथवर पोचल्या आहेत. परत टाळ्या. "सर, आंटी की तरफ़ से पहली चाल आप चलिए."

साहेबांनी मला काही विचारलं नाही. हसत हसत कॅमेऱ्याकडे बघितलं आणि माझ्या हत्तीपुढचं कडेचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं. फोटो निघाले. साहेब वळले.

मी ते प्यादं उचललं आणि परत होतं तिथे ठेवलं. मग वजिरापुढचं प्यादं चालवलं आणि घड्याळ दाबलं.

साहेब परत वळले. "अरे, मैंने ग़लत चला क्या?"

"नहीं सर," मी म्हटलं. "लेकिन खेल मैं रही हूँ."

सेक्रेटरी मोठ्याने हसले. "आंटी मज़ाक बहुत करती हैं, सर." पंचांनी हळूच सांगितलं, की तशी मुभा असते, पाहुण्यांची चाल खेळाडूवर बंधनकारक नसते. साहेबही हसले, पण लगेच चहाकडे गेले. माझा नवरा पुष्पगुच्छाचा कागद हातात घेऊन उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता.

तो डाव मी हरले. रागात मला खेळता येत नाही. एकामागून एक चुकत गेले, आणि त्या तमिळ गृहस्थांनी प्रत्येक चुकीची पुरेपूर किंमत वसूल केली. शेवटी हात मिळवताना ते एवढंच म्हणाले, "यू वेअर नॉट हिअर टुडे." खरं होतं. पण निदान तो हरवणारा हात खरा होता.

बक्षिसं झाली. मला 'सर्वोत्कृष्ट वरिष्ठ महिला खेळाडू' अशी ढाल मिळाली. स्पर्धेत महिलाच एक होती. मी ती खुर्चीवर ठेवली आणि त्या मुलाला शोधलं. तो पट गोळा करून पेटीत भरत होता.

"एक बोर्ड रहने दे," मी म्हटलं. "वो पोज़िशन लगा. वजीर देने से पहले वाली."

"आंटी, सेक्रेटरी सर यहीं हैं."

"इसीलिए."

त्याने एकदा दाराकडे बघितलं, मग बसला, आणि भराभरा सोंगट्या मांडल्या. जराही न अडखळता. माझा कोंडलेला राजा, तो घोडा, त्याचं जास्तीचं प्यादं, सगळं जिथल्या तिथे. लोक खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावत होते. त्याची पहिली चाल नरम होती. मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. त्याने "सॉरी" म्हटलं, ती चाल मागे घेतली आणि वजीर पार माझ्या राजाच्या अंगणात आणून उभा केला. अशी चाल! मला खुर्चीत सावरून बसावं लागलं. वडिलांनंतर समोरासमोर बसून इतकं कुणी दाबलं नव्हतं.

मी लढले. घोडा शेवटपर्यंत हलू दिला नाही. त्याचं प्यादं एकेक घर पुढे सरकत गेलं, मी ते अडवायला हत्ती आणला, आणि मग हत्ती तिथेच बांधला गेला. मी राजा आडवा केला. या वेळी टाळ्या वगैरे नव्हत्या, ते बरंच झालं.

त्याने काही चाली मागे नेल्या. "आंटी, यहाँ देखिए. यहाँ आप हाथी से प्यादा मार लेतीं तो मैं कुछ नहीं कर पाता. घोड़ा शह देता रहता. ड्रॉ था."

मी पटावर वाकले. खरंच होता. हत्ती जाणार, पण घोडा शह देत राहणार, पुन्हा पुन्हा, आणि त्याच्या राजाला लपायला जागा नाही. बरोबरी. त्याच्यासारख्या खेळाडूशी बरोबरी म्हणजे माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी गोष्ट ठरली असती.

आणि मग खरा राग आला. आधीचा काहीच नव्हता. चौथ्या फेरीत, डोकं ताजं असताना, मला तो हत्ती दिसला असता का? कदाचित दिसला असता. कदाचित नसताच दिसला. पण ते आता कधीच कळणार नव्हतं. एका फोटोसाठी त्यांनी मला फुकटचा विजय दिला होता आणि माझी बरोबरीच्या अर्ध्या गुणाची खरी संधी काढून घेतली होती. आणि वर मी आभार मानावेत अशी अपेक्षा!

घरी आम्ही पायीच निघालो. ढाल नवऱ्याने पिशवीत घेतली होती.

"तुला बरं वाटावं म्हणून केलं," ते म्हणाले.

"मी हरले असते तर तुमचं काय गेलं असतं?"

"माझं काय जायचंय."

"मग?"

ते थांबले. "तू नाव दिलंस ना, तेव्हा कमिटीत सगळे हसले होते. भाभीजी घोडा कसा चालतो ते यूट्यूबवर बघून येतील, असं काहीबाही. मला वाटलं, एकदा तू पहिल्या पटावर बसलीस की तोंडं बंद होतील."

"ते हसले तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार?"

"म्हणायचं होतं, की ती सांगलीला शिकलीय. म्हणायचं होतं, येऊन खेळा तिच्याशी. एक वाक्य, अहो! एक वाक्य बोलवलं नाही तुम्हाला, म्हणून तुम्ही माझा डाव विकलात."

"विकला काय, काहीतरीच," ते पुटपुटले. मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी जिना भराभर चढले.

काही दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. मग हळूहळू सगळं पूर्ववत झालं, जसं होतंच. त्यांनी माफी मागितली, आणि ती मनापासून होती. मी ती स्वीकारली, पण राग गेला असं मात्र मी म्हणाले नाही, कारण गेला नव्हता.

परवा सकाळी दुधाच्या बूथवर सेक्रेटरी भेटले. सगळं विसरून गेल्यासारखे, तोंडभर हसून म्हणाले, "आंटी, अगले साल फिर टूर्नामेंट है. आप तो हमारी स्टार हैं."

"नाम लिख लीजिए," मी म्हटलं. "और मेरे पति को कमिटी से बाहर रखिए."

ते खो खो हसले. नवरा शेजारीच दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या घेऊन उभा होता. तो हसला नाही. म्हणाला, "इस्तीफ़ा शाम तक भेज दूँगा."

मला ते ऐकून बरं वाटलं की आणखी राग आला, ते मला अजून नीट सांगता येत नाही.