सामुद्रधुनीतून सईला फोन

जहाज जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत शिरलं, किनारा जवळ आला आणि फोनला रेंज मिळाली. मी जहाजावर इंजिनिअर आहे. घर सोडून पाच महिने झाले होते. डेकवरून सहा वर्षांच्या सईला, माझ्या लेकीला, फोन लावला.

"सामुद्रधुनी म्हणजे काय, बाबा?"

"दोन जमिनींमधली समुद्राची अरुंद गल्ली. सगळी जहाजं इथूनच जातात आणि खालून डॉल्फिन, देवमासेसुद्धा."

"त्यांचं पिल्लू हरवलं तर?"

"आई हाक मारते. पाण्यात लांबचं दिसत नाही, म्हणून ते आवाजानेच एकमेकांना शोधतात."

"एवढ्या जहाजांच्या आवाजात?"

"मग आईला जास्त मोठ्याने ओरडावं लागतं."

"तुझ्या इंजिनाचाही आवाज होतो?"

"होतो," मी म्हणालो.

"मग थोडा वेळ बंद कर ना."

मी काही बोलायच्या आत रेंज गेली. खाली पाण्यात एक डॉल्फिन पिल्लाला अंगाशी घेऊन जहाजापासून लांब चालली होती. दोघं दिसेनाशी होईपर्यंत मी कठड्याशी उभा राहिलो, मग ड्यूटीसाठी इंजिनरूममध्ये उतरलो. तिथल्या घरघरीत माणसाला स्वतःची हाकही ऐकू येत नाही. त्या दिवशी मी तिथे उभा राहून "सई" म्हणून ओरडलो. कुणीही वळून पाहिलं नाही.